फॉरमॅट मारायला गेलो तेव्हा

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, ते चहाबरोबर समोर येतात.

म्हणजे असं बघा. गॅसची शेगडी दुरुस्त करणारा दहा मिनिटांत मोकळा होतो. केबलवाला तर दारातूनच परत जातो. पण विंडोज नाइन्टी-एट आणि एक्सपीच्या जमान्यात कम्प्युटरवाला एकदा घरात शिरला की दीड-दोन तास हलायचा नाही. सीडी घातली, चार बटणं दाबली, की पुढे त्यानं करायचं काय? काही नाही! स्क्रीनवर पट्टी सरकत असते, आपण तिच्याकडे बघत बसायचं. घरच्यांना दिसतं, माणूस कामावर आहे पण रिकामा आहे. आणि रिकाम्या माणसासमोर नाशिककर गप्प बसला, असं मी तरी पाहिलेलं नाही.

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका बेसमेंटमध्ये माझं आणि राजन भामरेचं दुकान होतं. राजन सटाण्याचा. शिकायला नाशकात आला आणि इथलाच झाला, पण चिडला की सरळ अहिराणीवर जायचा. दुकानाच्या पाटीवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ लिहिलेलं होतं. सेल्स फारसा नव्हता. सर्व्हिस म्हणजे एकच, फॉरमॅट मारणे, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणे! कम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. एका बाईंचा तर नुसता प्लग निघाला होता, तरी फोनवर म्हणाल्या, “येताय तर फॉरमॅट मारूनच जा.”

आणि ठरलेला प्रश्न. मी विचारायचो, “विंडोज ओरिजिनल टाकायची ना?” उत्तर यायचं, “ओरिजिनल नको हो, हेवी पडते. आम्हाला आपली साधी टाका!”

*

गंगापूर रोडला दातार वकील राहायचे. दिवाणी बाजूचे, मुरलेले. रिटायर झाल्यावर मुलानं अमेरिकेतून फोन करून कम्प्युटर घ्यायला लावला.

मी सीडी घातली. थोड्या वेळानं ते नेहमीचं करारपत्र स्क्रीनवर आलं. मान्य असेल तर F8 दाबा, नसेल तर एस्केप. जगात आजवर कुणी ते वाचलेलं नाही. माझं बोट सवयीनं F8 वर गेलं.

“थांबा!” वकीलसाहेब ओरडले. “न वाचता सही करताय?”

त्यांनी चष्मा बदलला, खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली. मी दोन चहा प्यालो. काकूंनी चिवडा दिला, तोही संपला. वकीलसाहेब मधूनच म्हणत होते, “वा! काय ड्राफ्टिंग आहे! सगळी जबाबदारी आपली, आणि हक्क सगळे त्यांचे.”

शेवटी त्यांनी चष्मा काढला. “यातली दोन कलमं मला मान्य नाहीत. खोडा.”

“साहेब, खोडता येत नाही.”

“मग मला मान्य नाही, हे त्यांना कळवायचं कसं?”

मी एस्केपकडे बोट दाखवलं. त्यांनी दाबलं. सेटअप बंद पडला आणि स्क्रीन काळा झाला.

वकीलसाहेब उजळले. काकूंना हाक मारून म्हणाले, “अगं, बघितलंस? नोटीस गेल्याबरोबर समोरची पार्टी पळाली!”

आता आली का पंचाईत! मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि हे मान्य करत नाहीत. त्यांनी बराच विचार केला. मग काकूंना स्वयंपाकघरातून बोलावलं, त्यांचा हात धरला आणि त्यांच्या बोटानं F8 दाबला.

“करार हिच्याशी झालाय,” ते मला म्हणाले. “उद्या कोर्टात गेलं तर मी हिचा वकील आहे.”

*

पंचवटीतले एक गुरुजी कुंडलीचं सॉफ्टवेअर वापरायचे. जन्मवेळ घातली की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करत लांबलचक पत्रिका बाहेर टाकायचा. तो कम्प्युटर बसला, आणि बाहेर ओट्यावर एक वधूपिता पत्रिका जुळवून घ्यायला बसलेले.

मी गेलो तर गुरुजींनी आधी मलाच बसवलं. राहुकाळ चालू होता. तो संपल्यावर मी सीडी घातली. एका कोपऱ्यात अक्षरं उमटली, साधारण एकोणचाळीस मिनिटे शिल्लक.

“उत्तम,” गुरुजी म्हणाले. पंचांग उघडून बसले.

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. “किती राहिली?”

“एकोणचाळीस.”

पुन्हा थोड्या वेळानं. “आता?”

“एकोणचाळीसच.”

मग एकदम पस्तीस झाली. मग तेहतीस. तेहतीसवर जी बसली ती बसलीच. गुरुजी एकदा घड्याळाकडे बघत, एकदा स्क्रीनकडे. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक पसरलं.

“हा ज्यानं बनवला ना,” ते म्हणाले, “तो आमच्याच लाइनचा दिसतोय. वेळ सांगायची. ती टळली की पुढची सांगायची. पण सांगताना आवाज असा ठाम पाहिजे!”

मग ते ओट्यावर गेले आणि वधूपित्याला ठाम आवाजात म्हणाले, “साधारण एकोणचाळीस मिनिटांनी या.”

*

सिडकोतला किस्सा छोटाच आहे. वडील सातपूरला कारखान्यात फोरमन, मुलगा इंजिनिअरिंगला. कम्प्युटर अगदीच गळपटलेला. मी म्हणालो, “सगळं उडवावं लागेल. काही ठेवायचं असेल तर आत्ताच सांगा.”

मुलगा घाईघाईनं म्हणाला, “डी ड्राइव्हमध्ये ‘स्टडी’ म्हणून फोल्डर आहे. तेवढं उघडू नका... म्हणजे, उडवू नका.”

मी नुसती साइज बघितली. काय समजायचं ते समजलो.

“किती अभ्यास आहे याचा?” वडिलांनी विचारलं.

“बावीस जीबी.”

“आणि जागा किती आहे टोटल?”

“चाळीस.”

फोरमनच ते, हिशेब तोंडी! “म्हणजे पंचावन्न टक्के!” त्यांचा आवाजच बदलला. “अगं, ऐकलंस का? आपल्या घरात सेकंड क्लाससुद्धा आजवर कुणाला मिळाला नव्हता!”

आईनं लगेच शिरा केला. मला एक बशी, मुलाला एक बशी. मी खाल्ला. तो नुसता चमचा फिरवत बसला.

*

सटाण्याला कांदा व्यापाऱ्यांच्या एका संस्थेनं कम्प्युटर घेतला. चेअरमन अण्णा म्हणजे राजनच्या मामांचे मित्र, त्यामुळे ऑर्डर आम्हाला. आदल्या दिवशीच जाऊन आम्ही सगळं टाकून, चालवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मांडव, खुर्च्या, हार, माइक, झाडून सगळे व्यापारी. आम्ही कम्प्युटर चालू करून ठेवलेला.

अण्णा आले, त्यांनी बघितलं आणि राजनला बाजूला घेतलं. “हाई ते चालूच शे! मंग मी काय चालू करू?”

“अण्णा, तुम्ही माउसवर क्लिक करा. फोटो उघडेल.”

“वापरलेल्या वस्तूचं उद्घाटन मी करत नाही.”

इलाज नव्हता. राजननं दात-ओठ खात सगळं पुसलं आणि सीडी आत सरकवली. अण्णांनी पहिला एंटर दाबला. टाळ्या! आणि मग भाषणं सुरू झाली. ठरलं असं की पट्टी पूर्ण होईपर्यंत भाषणं चालवायची.

प्रास्ताविक सहा टक्क्यांवर आटपलं. व्हाइस चेअरमननी ‘संगणक आणि शेतकरी’ या विषयावर अकरा टक्क्यांपर्यंत मजल मारली. अण्णा स्वतः दमदार वक्ते. त्यांनी एकविसावं शतक, विज्ञान, पाटाचं पाणी, वाघोबाची एक गोष्ट, सगळं सांगून एकट्यानं पट्टी अडतीसवर नेली. पण तिथं सगळ्यांचा दम संपला. पट्टी हलेना, बोलायला कुणी उरेना. शेवटी एका व्यापाऱ्यानं उठून आजचे कांद्याचे भाव वाचून दाखवले. दिवसभरातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या!

आणि साठ-बासष्टवर लाइट गेली.

पंखे थांबले. माइक मेला. स्क्रीन काळा ठिक्कर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. तेवढ्यात अण्णा उभे राहिले आणि बिनमाइकच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “संगणक सुरू झाला असे मी जाहीर करतो!”

टाळ्यांचा कडकडाट. पेढे वाटले गेले.

लाइट चार दिवसांनी धड आली, तेव्हा आम्ही जाऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं टाकलं. चालू झाल्यावर राजन म्हणाला, “अण्णा, झालं. आता खरंच चालू आहे.”

अण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. “हळू बोल ना भो! लोकांच्या मते ते चार दिवसांपासून चालूच शे.”

*

हरसूलच्या एका शाळेला कुणी दानशूरानं कम्प्युटर दिला होता. सोबत दोन सीडी. तिथले गावित सर हौशी माणूस. म्हणाले, “तुम्ही फोनवर सांगा, मी टाकतो.” रस्त्याचं काम चालू असल्यानं आम्हालाही जाणं अवघड होतं. आम्ही हो म्हणालो.

गंमत अशी की कम्प्युटर शाळेत आणि फोन बाजारपेठेतल्या बूथमध्ये. मोबाइलला तिकडे रेंज नाही. आणि दिवस निघाला नेमका आठवडे बाजाराचा. पण सरांनी व्यवस्था लावली होती. ते खिडकीतून ओरडणार, शिपाई गेटवर ऐकणार. शिपाई ओरडणार, बाजाराच्या मधोमध बसलेली एक मिरचीवाली मावशी ऐकणार. ती ओरडणार, बूथवाला ऐकणार. बूथवाला मला सांगणार. माझं उत्तर याच रस्त्यानं परत!

सुरुवात बरी झाली. ‘डिस्क नंबर एक घातली’ हे ‘डिस नंबर एक घातली’ होऊन का होईना, पोचलं. मग स्क्रीनवर ‘प्लीज वेट’ आलं. सरांनी ते ओरडून सांगितलं. गेट ओलांडून, बाजार ओलांडून ते माझ्यापर्यंत आलं तेव्हा बूथवाला म्हणाला, “साहेब, सर बोलतात, पिशवी भेटली.”

“कसली पिशवी?”

तो प्रश्न तिकडे गेला. तिकडून बहुतेक सरांचा संताप निघाला असावा, पण माझ्यापर्यंत पोचला तो असा, “पिशवी सरांची नाय.”

मी म्हणालो, “त्यांना म्हणावं, काही करू नका. नुसते थांबा.”

यातलं ‘काही करू नका’ बूथमध्येच राहिलं. ‘थांबा!’ तेवढं बाहेर पडलं, आणि मावशीचा आवाज असा की नाशिकला निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कोण येतंय म्हणून गाडी बराच वेळ उभी. कुणीच येईना. शेवटी कंडक्टर उतरून चौकशी करायला लागला. त्याला सगळे सांगत होते, “शाळेत डिस घातलीय.”

या गडबडीत लाइन तुटली ती पुन्हा लागली नाही.

पुढे कधीतरी मी हरसूलला गेलो. बाजार भरला होता. मिरची घ्यायला थांबलो आणि कुणाशी तरी बोलताना कम्प्युटरचं नाव काढलं. मिरचीवाली तागडी हातात धरून तशीच थांबली.

“दादा, नाशिकवाले तुमीच का? मंग ती डिस नंबर दोन घातली का नाय? माझा गळा बसला, पन पुढं काय झाला, ता कोनी सांगलाच नाय!”

*

आता राजनचाच. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. नाशिकरोडला एक स्थळ होतं. वडील रिटायर्ड हेडमास्तर, मुलगी वैशाली, बी.कॉम. राजन, त्याचे मामा आणि मी, असे तिघं गेलो.

नमस्कार-चमत्कार झाले. “काय करता?” हेडमास्तरांनी विचारलं.

“कम्प्युटरचं दुकान आहे.”

हेडमास्तर पुढे सरकले. “असं! मग जरा आमचा बघता का? चालू होतो आणि आपोआप बंद होतो.”

मामांनी डोळे वटारले. पण लोकांच्या खिशात पेन असावं तशी राजनच्या बॅगेत कायम सीडी! गडी उठला आणि आतल्या खोलीत गेला.

वैशाली पोहे घेऊन आली, तेव्हा नवरामुलगा टेबलाखाली होता. पाय बाहेर. तिनं त्या पायांकडे थोडा वेळ बघितलं आणि बशी मॉनिटरशेजारी ठेवली. नंतर मोठ्यांनी दोघांना एकटं सोडलं. ती म्हणाली, “काही विचारायचंय का?”

राजन पट्टीकडे बघत म्हणाला, “हो. जुना डेटा ठेवायचाय का?”

ती म्हणाली, “तसं काही नाहीये माझं.”

“तुमचा नाही हो, हार्डडिस्कचा!”

दोन दिवसांनी हेडमास्तरांचा फोन आला. “मुलीचं म्हणणं, मुलगा सज्जन आहे, पण त्यानं एकदाही वर बघितलं नाही. तेव्हा नाही म्हणतेय.” राजननं बरं म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “ते ठीकच आहे हो. पण तेवढं प्रिंटरचं बघायला कधी येताय?”

मी म्हणालो, “स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते, जाऊ नकोस.”

राजन गेला. या वेळी मात्र प्रिंटर समोर ठेवून त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. सासरे आजही दर दिवाळीला फॉरमॅट मारून घेतात.

*

आणि हा एक राहिला.

इंदिरानगरला एक रो-हाउस होतं. दोघे भाऊ, मोठे सुरेशराव खाली, धाकटा दिलीप वर. वाटणी झालेली. मीटर दोन, पाट्या दोन, गच्चीवरच्या टाकीतसुद्धा मधे भिंत. बोलणं बंद. कम्प्युटर मात्र एकच, वाटणीच्या आधी मुलांसाठी घेतलेला. तो कुणाकडे ठेवायचा यावर एकमत होईना, म्हणून आईच्या खोलीत, जिन्याखाली ठेवला होता. आई पंधरा दिवस खाली जेवायची, पंधरा दिवस वर. झोपायची मात्र त्या खोलीत.

कुणाच्या तरी मुलानं कुणाचं तरी काहीतरी उडवलं, त्यावरून भांडण झालं आणि मला बोलावणं आलं. “फॉरमॅट मारा आणि पार्टिशन करा. निम्मं-निम्मं.”

मी सीडी घातली. दोघं भाऊ माझ्या दोन बाजूंना उभे. आई पलंगावर मेथी निवडत बसलेली.

“सीमध्ये सिस्टीम बसते,” मी म्हणालो. “मग डी.”

“सी मला,” सुरेशराव म्हणाले. “मी मोठा.”

“त्यांना विचारा,” दिलीप मला म्हणाला, “सिस्टीम काय एकट्याची आहे? तिची जागा दोघांनी सोडायची. जिन्यासारखी.”

हा मुद्दा बिनतोड होता! मी सी लहान करून सामाईक ठेवली. उरलेल्याचे दोन सारखे भाग केले. डी खालच्यांची, ई वरच्यांची. दोघांनी वाकून आकडे ताडून पाहिले. जुळले. मी एंटर दाबणार, तोच सुरेशरावांनी स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं. “ही आठ एमबी कसली?”

“ती अशीच उरते. सगळ्यांच्याच उरते. तिचं काही करता येत नाही.”

“पण आहे कुणाच्या बाजूला?”

“ईच्या खाली.”

“म्हणजे वरच्यांना आठ जास्त!”

“त्यांना सांगा,” दिलीप म्हणाला, “बागेतली दोन फूट जागा जास्त घेतली तेव्हा कुणी मोजली नव्हती.”

“आणि बाबांच्या आजारपणात दवाखान्यात कोण बसलं होतं, ते मोजलं का?”

“मला बसू दिलं का तुम्ही?”

आता ते मला सांगायचे थांबले होते. कितीतरी दिवसांनी ते थेट एकमेकांशी बोलत होते, आणि बोलत म्हणजे ओरडत होते. टाकी निघाली, गॅलरी निघाली, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला पुढे बोलावलं नाही ते निघालं. माझं बोट एंटरवर तसंच.

आईनं मेथीची परात बाजूला ठेवली. उशीखालून चष्मा काढला आणि उठून माझ्याजवळ आली. दोघं बाजूला सरकले.

“कुठली म्हणालास ती?”

मी बोटानं दाखवली. तिनं वाकून नीट पाहिलं.

“यात काय ठेवता येतं?”

“काहीच नाही, आई.”

“आणि ती कुणाला देताही येत नाही?”

“नाही.”

“मग ती माझी,” आई म्हणाली. “दाब तू ते बटण.”